काळ्या मातीवरची लिफ्ट

भुसावळ सोडून वरणगावच्या बाजूला निघालं की उजाड माळावर आधी दीपनगरच्या चिमण्या दिसतात आणि मग गाव. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. औष्णिक केंद्राच्या वसाहतीबाहेर या रस्त्याला लागून छोटी गॅरेजं आहेत. पुढे पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्या, मधल्या दारातून चहा बाहेर येतो. खानदेशात ‘घरचं गॅरेज’ म्हणतात ते बहुधा असं असतं. दुसरा प्रकार निवृत्तांचा. केंद्रात किंवा रेल्वेत आयुष्यभर यंत्रांशी खेळलेला माणूस घर बांधताना गाडीसाठी एक खोली काढतो आणि आपल्या गाडीचं काम आपणच करायचं म्हणतो. दोघांच्याही मनात कधी ना कधी लिफ्टचा विचार येतो. पाठ बोलायला लागली की जरा लवकरच.

अशाच एका गॅरेजात मी मे महिन्यात गेलो होतो. मिस्त्रींनी वर्षभरापूर्वी दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट बसवली होती. गाडी वर नव्हती, आणि मिस्त्री खांबाशी उकिडवे बसून कोब्याकडे बघत होते. खांबाच्या लोखंडी पायपट्टीपासून एक भेग निघून भिंतीपर्यंत गेली होती. त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि भेगेत उभं सोडलं. ते अर्ध्यापर्यंत आत गेलं. “भाऊ, लिफ्ट घेतली तेव्हा दोनच गोष्टी विचारल्या होत्या,” ते म्हणाले. “गाडी किती टनांची, आणि थ्री-फेज आहे का. खाली काय आहे ते कोणीच विचारलं नाही.”

हे प्रकरण त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. लिफ्ट निवडताना सगळे वर बघतात: किती उंच जाते, किती वजन पेलते, रंग कोणता. तापीच्या खोऱ्यात मात्र निवड पायाखालून सुरू करावी लागते.

दोन खांबांची लिफ्ट गाडी कशी धरते ते आधी पाहू. चार हात गाडीच्या पोटाखाली जातात, दोन या खांबाचे, दोन त्या. गाडी खांबांच्या मधोमध लटकते, म्हणजे वजन खांबावर सरळ खाली येत नाही. ते खांबापासून पाऊण मीटरभर आतल्या बाजूला असतं. दोन्ही खांब त्यामुळे सतत एकमेकांकडे झुकू पाहतात. बोलेरोसारखी सोळाशे किलोंच्या आसपासची गाडी घ्या. एका खांबाच्या वाट्याला आठशे किलो. पायपट्टीची आतली कड हा टेकू धरला तर वजन त्या टेकूपासून साधारण अर्धा मीटर पुढे असतं आणि मागचे बोल्ट जेमतेम एक वीत-दीड वीत मागे. हा तराजू मांडला की मागच्या बोल्टांवर मिळून सुमारे एका टनाची वर ओढणारी ताकद येते. चार टन क्षमतेची लिफ्ट पूर्ण भरली तर ती तीन टनांच्या घरात जाते. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट नीट कळते. लिफ्टचा खांब जमिनीवर नुसता उभा नसतो, तो जमिनीला उपटत असतो. ज्या कोब्यात बोल्ट ठोकले तो कोबाच लिफ्टचा अर्धा भाग आहे, आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता त्या कोब्याखालची माती. आपली काळी माती कापसाला चांगली, पण बांधकामाला फार त्रासाची. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे पापुद्रे पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळले की पुन्हा जवळ येतात. श्रावणात जमीन फुगते, वैशाखात आकसून तडकते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. चैत्रात भेगेत त्याच्या औताचा फाळ अडकतो. पण तोच शेतकरी शेतातल्या घरापुढे गॅरेज बांधतो तेव्हा चार इंच कोबा टाकून मोकळा होतो.

फुगण्याचं मोजमाप करायला प्रयोगशाळा हवी असं नाही. भारतीय मानक २७२०च्या चाळिसाव्या भागातली चाचणी समजायला अगदी सोपी आहे. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घालायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि चोवीस तास ठेवून द्यायचं. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही थरांच्या उंचीतला फरक रॉकेलच्या थराशी टक्क्यांत मांडला की मातीचा स्वभाव कळतो. फरक पन्नास टक्क्यांच्या वर गेला की मी तरी त्या मातीवर लिफ्ट थेट उभी करणार नाही. पदविका अभियांत्रिकीच्या स्थापत्य विभागात ही पात्रं असतातच. तिथल्या शिक्षकांना विनंती करून नीट चाचणी करून घेतलेली बरी. पण घरी दोन सारख्या उभ्या नळ्यांत करून पाहिलं तरी डोळे उघडतात.

फुगणं-आकसणं सगळीकडे सारखं झालं असतं तर काही बिघडलं नसतं. ते तसं होत नाही. शेडच्या मध्यभागी माती पत्र्याखाली कोरडी राहते, कडेला पावसाचं पाणी मुरतं. एक खांब भिंतीजवळ, दुसरा आत, म्हणजे एकाखालची माती वर येते आणि दुसऱ्याखालची तशीच राहते. पायाशी एका मीटरला पाच मिलिमीटरचा कल आला तर साडेतीन मीटर उंच खांबाचं डोकं साडेसतरा मिलिमीटर सरकतं. डोळ्यांना दिसणार नाही, पण खांबाच्या आत वर-खाली सरकणारी कॅरेज आणि तिच्या नायलॉनच्या पट्ट्या एका बाजूने घासायला लागतात. दोन्ही हात एका पातळीत ठेवणाऱ्या वायरच्या दोऱ्यांपैकी एक ढिली पडते आणि दुसरी ताणते. मिस्त्रींच्या लिफ्टला हेच झालं होतं. डावा हात उजव्याच्या मागे राहायला लागला, आणि त्यांना वाटलं तेल कमी पडलं.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर दीर्घ काम केलं. काळ्या मातीच्या वरच्या थरात न फुगणाऱ्या पण एकजीव राहणाऱ्या मातीचा थर घातला तर खालच्या फुगण्याला आळा बसतो, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवलं. कालव्यांच्या अस्तरांसाठी ते तंत्र मानकांतही गेलं. आपल्याकडचा मुरूम त्या कामाला येतो, फक्त तो चिकणमाती असलेला, नीट बसणारा मुरूम हवा, नुसती खडी नव्हे. लिफ्टखाली निदान मीटरभर काळी माती काढावी. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत, पाणी मारून, रोलरने किंवा धुमसाने घट्ट ठोकत भरावा. घराच्या भिंतींसाठी वेगळी गोष्ट आहे. काळी माती खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले खाली फुगवटा असलेले पाइल्स साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. लिफ्टच्या दोन खांबांसाठी इतकं करायची गरज सहसा पडत नाही.

त्याहून महत्त्वाचं एक पथ्य मी आग्रहाने सांगेन. दोन खांबांना दोन वेगळे चौथरे करू नयेत. मिस्त्री आणि गवंडी दोघांनाही तेच स्वस्त वाटतं: दोन खड्डे, दोन काँक्रीटचे ठोकळे. पण दोन ठोकळे दोन दिशांना कलतात. दोन्ही खांबांखालून सलग एकच जाड स्लॅब गेला, दोन्ही बाजूंना सळई असलेला, तर माती हललीच तरी दोन्ही खांब एकत्र हलतात. वायरच्या दोऱ्यांना ते चालतं. बहुतेक लिफ्टच्या पुस्तिकेत किमान चार ते सहा इंच काँक्रीट मागितलेलं असतं. ते सपाट, टणक जमीन गृहीत धरून. आपल्याकडे आठ इंच आणि एम-२५ दर्जा धरावा.

दीपनगरची राख इथे कामाला येते. औष्णिक केंद्राच्या धुरातून पकडलेली उडती राख सिमेंटच्या कारखान्यांना जाते आणि पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के मिसळलेली असते. बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट हेच. राखेचं सिमेंट चांगलं आहे, शेवटी ताकद भरपूर येते, पण सावकाश. मानक ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं, राखेच्या सिमेंटला दहा, आणि कोरड्या उष्ण हवेत चौदा दिवसांपर्यंत वाढवायला सांगतं. खानदेशचा मे म्हणजे कोरडी उष्ण हवा हे वेगळं सांगायला नको. भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जाणं नेहमीचं. गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळच नव्हे, दुपारीही पाणी मारायचं. अठ्ठावीस दिवस होईपर्यंत बोल्टसाठी ड्रिल लावायचं नाही. शेडमध्ये लादी किंवा पेव्हर असतील तर खांबाच्या जागेवरचे काढूनच टाकायचे. लादीवर ठेवलेला खांब लादी फुटली की बोल्टसकट ढिला होतो.

आणि पाणी. खानदेशातल्या बऱ्याच गॅरेजांत गाडी धुण्याची जागा आणि लिफ्ट शेजारी-शेजारी असतात. एका गाडीच्या धुण्याचं पाणी रोज खांबाच्या पायाशी मुरलं तर भर मेमध्ये तिथे श्रावण असतो. धुण्याची जागा दूर न्या, शेडच्या बाहेर उतार द्या, पन्हाळीचं पाणी नळाने लांब सोडा. हे फुकट होतं आणि बाकी सगळ्याइतकंच मोलाचं आहे.

जमिनीनंतर छत. इथे फुटांचा हिशेब निर्दय आहे. दोन खांबांच्या लिफ्टची वरची आडवी तुळई साधारण बारा फुटांवर असते. आडवी तुळई नसलेल्या, पायाशी वायर जोडलेल्या लिफ्टचे खांब कमी उंच असतात, पण गाडी तर वर जाणारच ना? स्लॅबच्या घराचं छत दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर. बोलेरो एक मीटर ऐंशी सेंटिमीटरच्या वर उंच. ती छताला टेकली तरी तिच्या चाकाखाली एक मीटर दहा-बारा सेंटिमीटरच मोकळे राहतात. स्विफ्टखाली थोडे जास्त, दीड मीटरच्या आत. उभं राहून काम करायला पावणेदोन मीटर लागतात. मधे पंखा असेल तर तेवढेही नाहीत. म्हणून स्लॅबखालच्या गाडीच्या खोलीत दोन खांबांची लिफ्ट घेणं म्हणजे पैसे छताला लटकवणं. तिथे मीटरभर उचलणारी कात्री-लिफ्ट योग्य. खाली सपाट बसते, स्टुलावर बसून ब्रेक, चाकं, सायलेन्सर, ऑइल सगळं होतं. गिअरबॉक्स उतरवायला मात्र ती तोकडी पडते, कारण तिचीच चौकट गाडीच्या पोटाखाली येते. पत्र्याच्या शेडमध्ये मधोमध उंची मिळते, पण कडेला उतार असतो. उंची मोजायची ती खांब जिथे येणार तिथे, शेडच्या माथ्यावर नाही.

चार खांबांची लिफ्ट, जिच्यावर गाडी चढवतात, ती मुख्यतः एकावर एक गाड्या ठेवण्यासाठी चांगली. पुण्या-मुंबईच्या इमारतींत ती पार्किंगला दिसते. घरच्या गॅरेजात चाकं मोकळी करायला तिच्यावर वेगळा जॅक लागतो. मला ती या भागासाठी फार कामाची वाटत नाही.

सर्व्हिसिंग सेंटरवर दिसणारी एक खांबी लिफ्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात हायड्रॉलिक लिफ्टचं मूळ तत्त्व उघडं दिसतं. जमिनीत एक सिलिंडर पुरलेला असतो, त्यात तेल, आणि कॉम्प्रेसरची हवा त्या तेलाला दाबते. सिलिंडरचा व्यास सत्तावीस सेंटिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला सात किलो दाब म्हणजे एकूण चार टनांच्या वर ताकद. टायरमध्ये भरायच्या हवेच्या तीन-चार पट दाब, एवढ्यावरच अख्खी जीप वर जाते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने मांडलेलं हे तत्त्व, आणि त्यावरून गाडीची लिफ्ट १९२५च्या सुमारास अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी या मेकॅनिकने केली. त्याला ती कल्पना न्हाव्याच्या खुर्चीवरून सुचली म्हणतात. पायाने दाबली की वर, सोडली की खाली, आणि गोल फिरणारी. सर्व्हिसिंगची लिफ्टही तशीच फिरते. धुण्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. पण घरी दुरुस्तीसाठी नको: ती ज्या मधल्या पट्टीने गाडी धरते तिथेच आपल्याला हात घालायचा असतो, आणि तिचा सिलिंडर दोन मीटरहून खोल काळ्या मातीत गाडावा लागतो. ती माती त्याच्याशी काय करेल ते आपण वर पाहिलंच.

आपल्याकडे लिफ्टच्या आधी खड्डा होता आणि अजून आहे. भुसावळ रेल्वेचं गाव. लोकोशेडमध्ये काम केलेल्यांना पिट लाईन घरच्यासारखी परिचयाची असते. रुळांमधल्या त्या खोल चरीत उतरून इंजिनाच्या पोटाची तपासणी होते. म्हणून इथले कित्येकजण घरी गॅरेज बांधताना खड्डाच करतात. रेल्वेचा खड्डा पक्का असतो, त्याला निचरा असतो, आणि त्यावर माणसं नेमलेली असतात. घरच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी झिरपतं, भिंती आत येतात. त्याहून मोठा धोका पेट्रोलचा. पेट्रोलची आणि एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात तळाशी साचते. लाइटचा दिवा हातात घेऊन खाली उतरलेल्या माणसाला ती दिसत नाही. वास येतो, पण थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावतं. बंद शेडमधला खड्डा मला नकोच वाटतो.

मग वीज. एक विचार दीपनगरच्या लोकांच्या मनात हमखास येतो: वीज इथेच तयार होते, आपल्याला दाब कमी कसा? तिथल्या पाचशे मेगावॉटच्या संचाची वीज २१ हजार व्होल्टला जन्मते, लगेच ४०० केव्हीला चढते आणि दूर निघून जाते. आपल्या घरात येणारी वीज अनेक उपकेंद्रं आणि एका कोपऱ्यातला डीपी पार करून येते. त्या डीपीवर संध्याकाळी शेतीचे पंप आणि कूलर चालू असतील तर घरात १९० व्होल्ट असणं आश्चर्याचं नाही. लिफ्टची मोटर साधारण तीन हॉर्सपॉवरची. सिंगल फेजवर ती चालताना पंधरा अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. १९० व्होल्टवर ती गुरगुरते, तापते आणि वाइंडिंग जळतं. एका गाडीची उचल मिनिटभराची असते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. थ्री-फेज मिळत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर खरेदीआधी संध्याकाळी सात वाजता आठवडाभर मीटरने दाब मोजून लिहून ठेवावा. वेगळी वायर, वेगळा एमसीबी, तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग या गोष्टी वायरमनवर सोडू नयेत, स्वतः पाहाव्यात. ओल्या जमिनीवर लोखंडी खांब हातात धरून उभं राहायचं असतं. उतरवायला वीज लागत नाही, हे हायड्रॉलिक लिफ्टचं सुख. फक्त लॉकवर बसवलेली गाडी आधी जराशी उचलावी लागते, त्यामुळे लोडशेडिंगमध्ये ती वर अडकू शकते.

तेलाचा ग्रेडही हवेप्रमाणे. डब्यावर ३२, ४६ असे आकडे असतात; ती तेलाची ४० अंशांवरची घट्टी. पुस्तिकेत दोन्ही चालतात असं दिलं असेल तर आपल्याकडे ४६ घ्यावं. पत्र्याखालच्या पंचेचाळीस अंशांत ३२चं तेल पातळ होऊन जातं. ब्रेक ऑइलने तुटवडा भरून काढायची सवय काहींना असते. ते ऑइल सीलं खातं.

बाकी यंत्राबद्दल कमी सांगावं लागतं. युरोपच्या ईएन १४९३ किंवा अमेरिकेच्या एएलआयच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. नाव ऐकून नको, कागद बघा. यांत्रिक लॉक दोन्ही खांबांवर हवा आणि वर जाताना त्याचा ‘कट्, कट्’ असा आवाज ऐकू यायला हवा. काम करताना गाडी तेलावर लटकवून ठेवायची नाही, थोडी खाली सोडून लॉकवर बसवायची. सील फुटलं तरी लॉक तिला धरून ठेवतो. स्क्रूच्या लिफ्टमध्ये मुख्य नटाखाली एक सुरक्षा नट असतो. त्या दोघांमधली फट वर्षागणिक कमी होत जाते, तीच नटाची झीज. स्विफ्ट किंवा तत्सम गाड्यांना खालच्या कडेवर उचलायच्या खुणा असतात. बोलेरो, स्कॉर्पिओ यांना चासी असते आणि तिला उंच पॅड लागतात. विजेच्या गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते. हाताचं पॅड तिला चुकूनही लागू नये. गाडी आधी एक वीत उचला, बंपर धरून हलवा, मगच वर न्या. मागचा ॲक्सल किंवा इंजिन काढणार असाल तर तोल जाणार हे धरून उंच स्टँड आधीच लावून ठेवा.

आणि ज्याला महिन्यातून एकदा ऑइल बदलायचंय, त्याला मी लिफ्ट घेऊ नका म्हणेन. चांगला ट्रॉली जॅक आणि चार भक्कम घोड्या, त्याही सपाट, घट्ट जमिनीवर, एवढं घ्या आणि उरलेल्या पैशांत आधी जमीन करून घ्या. लिफ्ट पुढे कधीही बसवता येते. बसवलेल्या लिफ्टखाली मुरूम भरता येत नाही. त्यासाठी सगळं उचकटावं लागतं.

मिस्त्रींनी तसंच केलं. दिवाळीनंतर, जमीन ना फार ओली ना फार कोरडी असताना, दोन्ही खांब उतरवले, कोबा फोडला, चार फूट खणलं आणि मुरूम भरला. सलग स्लॅब टाकून महिनाभर गोणपाट ओलं ठेवलं. त्या काळात घोड्यांवर काम चाललं आणि पाठ पुन्हा बोलली. आता त्यांच्या डाव्या खांबावर खडूच्या दोन ओळी आहेत. आखाजीला जमीन सर्वांत कोरडी असते, पोळ्याला सर्वांत ओली, म्हणून वर्षातून त्या दोन दिवशी ते वरून ओळंबा सोडतात आणि दोऱ्याचं अंतर मिलिमीटरमध्ये खांबावर लिहितात. मी परवा गेलो तेव्हा वाचलं. आखाजी, दोन. पोळा, तीन.